माळ्यावरचं 'वेलकम' : रुखवतातल्या एका फ्रेमचा इतिहास

माझं लग्न ठरलं आणि तिसऱ्याच दिवशी आत्याचा फोन आला. हॉल, आचारी, पत्रिका या सगळ्याच्या आधी तिचा प्रश्न, "रुखवताचं काय ठरवलंय?"

मी पुण्यात एका कंपनीत कोड लिहिते. सुईत दोरा ओवायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागतो. मी म्हटलं, "आत्या, काहीच नाही ठरवलं गं." तिनं लगेच तोडगा काढला. आता रुखवत भाड्यानं मिळतं. सप्तपदीची पावलं, तुळशीवृंदावन, बाहुला-बाहुली, भिंतीवर लावायच्या चार-पाच फ्रेमा, सगळं टेबलावर मांडून देतात. अक्षता पडल्या, जेवणं उरकली की टेम्पोत भरून पुढच्या लग्नाला नेतात. सोबत एक पाटीसुद्धा मिळते : 'सर्व वस्तू वधूने स्वतः तयार केल्या आहेत.'

पाटीचं ऐकून मला आधी हसू आलं. मग प्रश्न पडला, ही पाटी मुळात लावायची गरज का पडली असेल? नवरीनं स्वतः काय काय केलंय, हे लग्नाच्या दिवशी दोनशे पाहुण्यांना का सिद्ध करून दाखवायचं?

त्या शनिवारी तासगावला घरी गेले तेव्हा आईला विचारलं, "तुझ्या रुखवतात काय होतं?"

"आता काय आठवतंय का? माळ्यावर असंल काहीतरी."

माळ्यावर द्राक्षाच्या पेट्यांचे न वापरलेले पुठ्ठे होते, आजोबांची ट्रंक होती, आणि गोणपाटात गुंडाळलेली एक फ्रेम होती. काचेवरची धूळ पुसली तर आत दोन हिरवे पोपट, तोंडाला तोंड लावून बसलेले. मध्ये गुलाबाची वेल. खाली लाल दोऱ्यात 'वेलकम'. सगळं फुलीच्या टाक्यात, ज्याला शाळेत क्रॉस स्टिच म्हणायचे.

ही फ्रेम तुम्ही पाहिलेली आहे. माझ्या आईची नाही, पण हीच. तुमच्या मावशीच्या घरी, काकूच्या घरी, गावाकडच्या सोप्यात टीव्हीच्या वर. कुठे पोपटांच्या जागी हंस असतील, कुठे मोर, कुठे मण्यांचा गणपती, कुठे फुटक्या बांगड्या मेणबत्तीवर वाकवून केलेलं तोरण. इतक्या घरांत सारखीच असलेली ही गोष्ट आली कुठून? सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेल्या मुलीनं इंग्रजी शब्द देवनागरीत भरून भिंतीवर का लावला? मी शोधायला लागले, आणि ती वाट बरीच लांबची निघाली.

खिळ्याच्या आधीची भिंत

आमचं जुनं घर मातीचं होतं. आजी सणाच्या आधी भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायची. त्या भिंतीला खिळा ठोकला तर ढेकूळच खाली यायचं. तरी भिंत मोकळी नसायची. तिच्यावरची चित्रं पंचांगाप्रमाणे बदलायची.

श्रावणात नागपंचमीला आजी भिंतीवर नागोबा काढायची. आमच्याच जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे, त्यामुळे नागपंचमीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. श्रावणातच देव्हाऱ्याजवळ जिवतीचा कागद लागायचा : नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, पोरांच्या घोळक्यातल्या जिवत्या, आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. हा कागद आता बाजारात छापील मिळतो, पण छपाई येण्याआधी ही चित्रं बायका गंधानं काढत. भाद्रपदात दारापासून गौरीची पावलं. लग्नघरात भिंतीवर हळदी-कुंकवाचे हातांचे ठसे.

या सगळ्या चित्रांत दोन गोष्टी सारख्या आहेत. ती काढणारी बाई असते, आणि ती टिकावीत अशी कुणाची अपेक्षाच नसते. पुढच्या पोतेऱ्याखाली नागोबा जाणार हे आजीला माहीत होतं. पुढच्या वर्षी ती नवा काढणार होती. खर्च जवळजवळ शून्य : गंध, हळद, चुना, गेरू, जे घरात असेल ते.

टिकणारी चित्रं होती, पण ती वेगळ्या भिंतींवर. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ ते १७९९ या काळात गणपतीचं देऊळ बांधलं, त्याचं दाक्षिणात्य पद्धतीचं सात मजली गोपूर आजही गावाची खूण आहे. टिकाऊ शोभेला पैसा लागायचा, कारागीर लागायचे. साध्या घराच्या वाट्याला पुसली जाणारी चित्रं होती.

चित्र विकत मिळायला लागलं

हे बदललं ते छपाईमुळे. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा सुरू केली. शिळाछापावर रंगीत चित्रं निघू लागली. रामपंचायतन, नाना फडणवीस अशा सुरुवातीच्या चित्रांवरूनच लक्षात येतं की देव आणि इतिहास दोन्ही एकदमच घरात शिरत होते. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला. जर्मन तंत्रज्ञ आणले, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातल्या तैलचित्रातली लक्ष्मी-सरस्वती आता कागदावर उतरून बाजारात आली.

यातून घराच्या भिंतीला दोन नव्या गोष्टी मिळाल्या : खिळा आणि चौकट. चित्र आता सणापुरतं राहिलं नाही, ते वर्षानुवर्षं एका जागी टांगलं जाऊ लागलं. जत्रेत, देवळाच्या वाटेवर, काच लावलेले देव विकत मिळू लागले. आमच्याकडे ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, दोराला हात लावायला पंचक्रोशीतून माणसं येतात. माझ्या आजोबांनी घरातला पहिला फ्रेमवाला गणपती त्याच गर्दीत घेतला होता.

पण विकतच्या चित्रानं बाईचा हात भिंतीवरून निघून गेला का? मला वाटलं होतं, गेला असेल. तसं झालं नाही. त्या काळातली काही चित्रं आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत, त्यांत छापील लक्ष्मीला खऱ्या कापडाची साडी नेसवलेली दिसते. कागदावर जर चिकटवलेली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवलेले, चेहरा आणि हात तेवढे छापलेले. छापखान्यातून हजारो प्रती एकसारख्या निघत होत्या, आणि घरातली बाई दुपारी बसून आपल्या प्रतीला इतरांपेक्षा वेगळी करत होती.

मला हे फार ओळखीचं वाटलं. शाळेत असताना आम्ही सगळ्यांनी एकच फोन घेतला होता, आणि प्रत्येकीनं मागे वेगळे स्टिकर लावले होते.

पोपट कुठून आले

आता माझ्या फ्रेमकडे येते. त्यातले पोपट फुल्यांचे आहेत. म्हणजे चौकटीच्या कागदावर आधी चित्र काढायचं, एक चौकट म्हणजे एक फुली, आणि मग चौकटी मोजत मोजत कापडावर भरायचं. मॅटीचं कापड यासाठीच असतं, त्याची वीण इतकी सरळ असते की घरं मोजता येतात. मी डाव्या पोपटाच्या फुल्या मोजल्या. उंचीला ५२, रुंदीला ३४. हा सरळसरळ पिक्सेल आर्ट आहे. १६ रंगांच्या जुन्या व्हिडिओ गेममधला पोपट असाच दिसला असता.

चौकटीवरून भरतकाम करायची ही पद्धत घराघरांत पोचवण्यात बर्लिनचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रकाशकांनी चौकटीच्या कागदावर हातानं रंगवलेले नमुने विकायला सुरुवात केली. त्याआधी चित्र काढता येणारी व्यक्ती लागायची, आता फक्त मोजता येणारी व्यक्ती लागू लागली. फुलं, पक्षी, कुत्री, हे नमुने युरोपभर आणि अमेरिकेत पसरले. तिकडे मुलींना मुळाक्षरं कापडावर भरायला लावायची जुनी पद्धत होती : अक्षरओळख आणि सुई एकाच वेळी. त्यात पुढे घराबद्दलची वाक्यं आली. 'होम स्वीट होम' हे मूळ १८२३ सालचं नाटकातलं गाणं, ते कापडावर भरून भिंतीवर लागलं.

इकडे त्याच काळात मिशनरी बायका मुलींच्या शाळा काढत होत्या. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला फरारबाईंकडे, असं सांगितलं जातं. अशा शाळांत वाचन, लेखन, गणित यांच्या जोडीला सुईकाम असायचं. त्याचा एक उपयोग असा की ज्या पालकांना मुलीनं पुस्तक वाचलेलं खपत नव्हतं, त्यांना शिवण खपत होती.

हे पुढेही चालू राहिलं. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. मुलींना इंग्रजी आणि मुलांसारखेच विषय कशाला, अशी टीका टिळकांच्या 'मराठा'तून झाली. तो वाद इंग्रजीवरून, वेळेवरून, अभ्यासक्रमावरून होता. सुईवरून कुणी भांडल्याचं दिसत नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथे शिवण-भरतकामाच्या वर्गांना अजून एक अर्थ आला : विधवा किंवा एकट्या बाईला चार पैसे मिळवता यावेत.

म्हणजे एकाच सुईचे तीन वेगळे उपयोग चालले होते. कुणासाठी ती शाळेत जायची परवानगी होती, कुणासाठी पोटापाण्याचं साधन, आणि कुणासाठी 'मुलगी घरगुती आहे' याचा पुरावा. आईच्या फ्रेमपर्यंत येताना यातला तिसरा अर्थ सगळ्यात जास्त टिकला, असं मला वाटतं.

वीस किलोमीटरवरचा छापखाना

हे नमुने पुण्या-मुंबईहून आमच्याकडच्या खेड्यांत कसे आले? उत्तराचा एक भाग तासगावपासून वीसेक किलोमीटरवर आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला. जागा दिली औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. हे राजे स्वतः चित्रकार होते. औंधच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभं केलेलं चित्रसंग्रहालय आजही बघता येतं. किर्लोस्करवाडीत नांगर तयार होत होते, त्याच वाडीत १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि १९३० मध्ये 'स्त्री' मासिक. संपादक शंकरराव किर्लोस्कर, तेही चित्रकलेचं शिक्षण घेतलेले.

'स्त्री'नं त्या काळात बायकांच्या शिक्षणाबद्दल, विवाहाबद्दल, हक्कांबद्दल बरंच धीट लिहिलं. आणि अशा मासिकांमधून विणकामाचे, भरतकामाचे नमुनेही घरोघर पोचले. एक अंक पाच घरं फिरायचा. नमुन्याचं पान कापून कुणाच्या तरी डब्यात जायचं. तिथून ते वहीत उतरायचं, वहीतून दुसऱ्या वहीत.

आईकडून मी ही पद्धत नीट समजून घेतली. फुलीचं काम असेल तर गणिताच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलनं नमुना उतरवायचा. मोर किंवा वेलबुट्टी असेल, म्हणजे साखळी टाका, गाठीचा टाका घालायचा असेल, तर ट्रेसिंग पेपरवर चित्र उतरवून रेषेवर टाचणीनं बारीक भोकं पाडायची. मग तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये नीळ कालवायची आणि कापसाच्या बोळ्यानं वरून पुसायची. भोकांतून निळे ठिपके कापडावर उमटतात. कागद जपून ठेवला तर पुन्हा पुन्हा वापरता येतो.

"एकीकडं आला की अख्ख्या गल्लीत फिरायचा," आई म्हणाली. "माझ्याकडं हंसाचा होता. तो देऊन मी पोपट आणला."

या देवाणघेवाणीत कुणी परवानगी मागत नव्हतं, कुणी पैसे घेत नव्हतं, आणि मूळ नमुना कुणाचा हे कुणाला माहीत नव्हतं. प्रत्येकजण त्यात थोडा बदल करून पुढे पाठवत होता. 'वेलकम' देवनागरीत कुणी आणि कधी केलं, हे आता कधीच कळणार नाही. माझ्या कामात आम्ही याला ओपन सोर्स म्हणतो आणि फार अभिमानानं म्हणतो. एक फरक आहे. आमच्याकडे प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव लागतं.

आईपर्यंत हे शाळेतूनही आलं. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीममध्ये हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा कणा होता. कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. आपल्या मराठी शाळांतला 'कार्यानुभव' हा तास त्याच वाटेनं आलेला. हातानं काम केल्यानं विद्यार्थी श्रमाला कमी लेखणार नाही, ही त्यामागची कल्पना. आईच्या शाळेत मात्र त्या तासाला मुलं बागेला पाणी घालायला जायची आणि मुली भरतकामाला बसायच्या.

फराळापासून प्रदर्शनापर्यंत

आता रुखवत. जुन्या अर्थानं रुखवत म्हणजे खाणं. लग्नाच्या आधी वधूपक्षाकडून वरपक्षाला नेला जाणारा फराळ, लाडू-करंज्या, अनारसे. त्याच्याभोवती बायकांची थट्टा, उखाणे, नावं घेणं. हळूहळू फराळाच्या ताटाभोवती शोभेच्या वस्तू जमू लागल्या : खोबऱ्याची बैलगाडी, साखरेची फळं, मग लोकर, मणी, काडेपेटीच्या काड्यांची घरं, आणि फ्रेमा. फराळ कोपऱ्यात गेला, वस्तू पुढे आल्या.

यामागे काय झालं असेल याचा मी माझ्यापुरता अंदाज बांधला आहे. मुली शाळेत जायला लागल्या, लग्नाचं वय वाढलं, म्हणजे मुलीच्या हातात काही वर्षांच्या दुपारी आल्या. त्या दुपारींचा हिशेब लग्नात मांडला जाऊ लागला. ती पाटी त्याच हिशेबाची आहे. रुखवताच्या टेबलाभोवती फिरणाऱ्या बायका टाके उलटून बघायच्या, मागची बाजू किती स्वच्छ आहे, गाठी दिसतात का. भरतकाम येणाऱ्या कुणालाही विचारा, खरी परीक्षा मागच्या बाजूला असते.

आईच्या रुखवताची कापडं तिनं नववी-दहावीत भरलेली. पण फ्रेम तेव्हा नव्हती. दोरे स्वस्त होते, अँकरची एक लडी जपून वापरली तर बरीच पुरायची, लडीतले सहा पदर सोडवून दोन-दोन पदरांनी भरायचं. काच आणि लाकडी पट्टी मात्र महाग. म्हणून कापड ट्रंकेत पडून राहिलं आणि लग्न ठरल्यावरच बाजारात फ्रेमवाल्याकडे गेलं. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला वर्तमानपत्र चिकटवलेलं आहे, त्यावर किल्लारीच्या भूकंपानंतरच्या मदतीची बातमी आहे. म्हणजे १९९३ चा शेवट. आईचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं, ते बरोबर जुळतं.

लग्नानंतर फ्रेम सोप्यात लागली. स्लॅबचं घर झालं, भिंतींना ऑइल पेंट आला, तेव्हा 'जुनं दिसतंय' म्हणून ती माळ्यावर गेली. मी तेव्हा चौथीत होते. मी काहीच विचारलं नव्हतं.

"परत काही भरलं नाहीस का गं लग्नानंतर?"

"कवा?" आई म्हणाली. बेदाण्याचं शेड, द्राक्षाची छाटणी, आम्ही दोघं, आजीचं आजारपण. मी पुढे विचारलं नाही.

कुणाचं चित्र, कुणाचं नाव

याच काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवरच्या बायकांच्या चित्रांचं काय झालं, हे मुद्दाम सांगते. डहाणू-जव्हारकडे वारली लग्नात देवचौक काढायचा मान सुवासिनींचा. तांदळाच्या पिठानं, गेरूच्या भिंतीवर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारच्या हस्तकलेच्या योजनेतून भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या पाड्यांवर गेले, कागद आणि रंग दिले. जिव्या सोमा म्हसे या माणसानं ती चित्रं लग्नाच्या विधीतून बाहेर काढून शेत, मासेमारी, गोष्टी यांच्यात नेली. ते थोर कलाकार होते यात शंका नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आज वॉल आर्टचे व्हिडिओ बघा. निम्म्या व्हिडिओंत वारली असते. पुठ्ठा गेरू रंगात रंगवा, पांढऱ्या मार्करनं त्रिकोण जोडा, झाली भिंत तयार. कला भिंतीवरून कागदावर आली, बाजारात आली, तेव्हा तिला नाव मिळालं. पण त्याआधी शेकडो वर्षं चौक काढणाऱ्या सुवासिनींची नावं आपल्याकडे नाहीत. आणि फुलीचे पोपट तर कधी कलादालनात गेलेच नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत नाव शोधायचा प्रश्नही कुणाला पडला नाही. शहरी चित्रकारांना ते हौशी वाटले, लोककलेच्या अभ्यासकांना पुरेसे जुने वाटले नसावेत. ते मध्येच राहिले, माळ्यावर.

आतली कड

काच बदलायची म्हणून मी फ्रेम मागून उघडली. खिळे गंजले होते. पुठ्ठा निघाल्यावर कापडाची आत दुमडलेली कड मोकळी झाली. तिच्यावर निळ्या दोऱ्यात, उलट्या टिपेच्या बारीक टाक्यात, एक ओळ होती. नाव, इयत्ता नववी, तुकडी ब, हजेरी क्रमांक ४१.

नाव आईचं नव्हतं. म्हणजे मला माहीत असलेलं नव्हतं.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत होती, अजूनही काही घरांत आहे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. आईचं माहेरचं नाव वेगळं होतं हे मी ऐकलेलं होतं, पण मामा तिला ताई म्हणतो आणि आजोळी बाकी सगळे 'बाळे' म्हणायचे. ते नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते मी इथे देत नाही. "इंटरनेटवर कशाला?" असं ती म्हणाली, आणि तो तिचा हक्क आहे.

"बाईंना मार्क द्यायला लागायचे, म्हणून कडेला नाव घालायचो," तिनं सांगितलं. "फ्रेमवाल्यानं आत दुमडलं. नाव कशाला दिसायला पाहिजे फ्रेममदी?"

"किती मार्क मिळाले होते?"

"पंचवीसपैकी बावीस." हे तिला लगेच आठवलं. "तीन चोचीचे गेले. उजव्या पोपटाच्या चोचीत एक फुली जास्त आहे."

मी मोजून पाहिलं. आहे. इतकी वर्षं काचेमागे एक बग तसाच होता आणि तिला तो नेमका कुठे आहे हे माहीत होतं.

मी फ्रेम बाजारात नेली. फ्रेमवाल्याला सांगितलं, कड दुमडू नका, खालची ओळ दिसली पाहिजे. तो म्हणाला, "मॅडम, कड दोऱ्या निघालेली आहे, खराब दिसंल." मी म्हटलं, दिसू दे. त्यानं बारीक पांढरी पट्टी सोडून नवी चौकट बसवली. काच, पट्टी, मजुरी धरून साडेतीनशे रुपये. माझ्या ऑफिसजवळच्या दुकानात छापील वारलीचा कॅनव्हास यापेक्षा महाग आहे.

रुखवताचं आम्ही असं ठरवलं. भाड्याचं टेबल नाही, पाटी नाही. रुखवत म्हणजे फराळ, जुना अर्थ परत. आई, आत्या आणि दोन्ही माम्या मिळून लाडू, करंज्या, चिवडा करणार, त्यात होणारा नवरा चिवडा भाजायला येणार आहे. आत्या नाराज आहे. "बघायला काय राहणार?" असं तिचं म्हणणं आहे. खायला राहील, असं माझं म्हणणं आहे. ही फ्रेम हॉलमध्ये मांडायची का, हेही आईला विचारलं. तिनं नको म्हटलं. एकदा मांडून झालीय, पुन्हा कशाला, एवढंच ती म्हणाली.

म्हणून फ्रेम माझ्यासोबत पुण्याला आली. भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिळा ठोकायला मनाई आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्यांवर ती लावली, माझ्या टेबलासमोर. खाली नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक स्पष्ट वाचता येतात.

रात्री आईला व्हिडिओ कॉल करून दाखवली. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"डाव्या बाजूला खाली आलीय," ती म्हणाली. "सरळ कर."